पासकाकांचा खांदा

माझ्या धाकट्या भावाला अख्खं कॉलेज पासकाका म्हणतं आणि त्या नावाची मला शिसारी येते. ज्यांनी ते ठेवलं त्यांना वाटतं आपण केवढा मान दिला. तोही वेडा, कुणी मोठ्यानं हाक मारली की लाजून हसतो, जशी काही पदवीच मिळालीय.

कॉलेज फिजिओथेरपीचं. मोडलेली, आखडलेली, ऑपरेशन झालेली माणसं व्यायामानं पुन्हा कशी हिंडतीफिरती करायची, ते तिथे शिकवतात. शेजारीच त्यांचं हॉस्पिटल आणि रस्त्याच्या अलीकडे माझी लाँड्री. त्यामुळे सगळ्या पांढऱ्या कोटांचा मळ माझ्या हाताखालून जातो. लोकांना पांढरा कोट म्हणजे काहीतरी पवित्र वाटतं. मला त्याच्या कॉलरवरची काळी रेघ दिसते, खिशात विसरलेलं चॉकलेट वितळून झालेला चिकट लगदा दिसतो, आणि मशीन अंगावर फिरवायच्या आधी लावतात त्या जेलचे वाळलेले पापुद्रे दिसतात. विभागप्रमुखांचा, म्हणजे साहेबांचा कोट तेवढा स्वच्छ असतो. पेशंटला हात लावला तर डाग पडणार ना.

माझा भाऊ त्या विभागात मदतनीस. शेकाच्या पिशव्या गरम करायच्या, शेकायचं मेण भांड्यात वितळवून ठेवायचं, पलंगांवरच्या चादरी बदलायच्या, व्हीलचेअर ढकलायच्या. कामाला चोख, तोंडानं गोड. अंगानं मात्र लहानपणापासून काटकुळा. मी त्याला जेवायला घालून घालून थकले, मग भावजय थकली, पण त्याच्या अंगाला काही लागलं नाही. एक दिवस कुणा प्राध्यापकाचं त्याच्या उघड्या पाठीकडे लक्ष गेलं. कपडे बदलत होता बिचारा. "वा! काय खांद्याचं हाड आहे! पुस्तकात दाखवतात तसं!" असं म्हणून त्या गृहस्थानं ह्याला तसाच, बनियनसुद्धा न घालता, वर्गात नेऊन उभा केला. पोरापोरींनी पाठीवर पेनानं रेघा ओढल्या, स्नायूंची नावं लिहिली. संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा पाठभर निळी शाई होती आणि चेहऱ्यावर हा आनंद!

"ताई, सर म्हणाले माझ्यासारखं अंग लाखात एक असतं."

"उपाशी माणसाचं असतं तसं अंग," मी म्हटलं. "जा, आंघोळ कर."

त्या दिवसापासून तो विभागाचं अंग झाला. शिकवायचं असलं की ह्याचा शर्ट निघायचा. ह्याचा गुडघा वाकवायचे, मान वळवायचे, हात पिळायचे. नोकरीच्या कागदावर ह्यातलं काही नव्हतं. पण ह्याला नाही म्हणता येतंय थोडंच! 

हे नाही न म्हणणं घरातून आलेलं आहे. आमचे वडील भयंकर तापट. ते दारातून आत आले की घरातली भांडीसुद्धा गप्प व्हायची. मी उलट बोलून मार खायची. माझ्या भावानं दुसरी युक्ती काढली. तो समोरच्याचं तोंड वाचायला शिकला. भाजी कशी झालीय, असं आईनं विचारलं की हा आधी वडिलांकडे बघायचा आणि मग सांगायचा, छान झालीय किंवा खारट झालीय. एकदा त्याचा कान ठणकत होता. वडील त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले, पण त्यांना कामावर जायची घाई. डॉक्टरांनी कानामागे दाबून विचारलं, दुखतंय का रे? ह्यानं वडिलांच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या आणि म्हणाला, नाही. दोन दिवसांनी कान फुटला. उशीवर पिवळा पू, त्याचा तो घाण वास, आणि त्यात हा गाल टेकून पडलेला. अभ्रा मीच धुतला. धुलाईचा धंदा माझ्या नशिबात तेव्हाच लिहिला गेला असणार. त्या कानानं त्याला अजून कमी ऐकू येतं. पण वडील तेव्हा चिडले नाहीत, एवढंच तो लक्षात ठेवून बसलाय.

असा माणूस त्या कॉलेजाच्या हाती लागला, म्हणजे काय झालं असेल बघा.

त्यांची प्रॅक्टिकल परीक्षा असते. बाहेरून परीक्षक येतात. एक माणूस पलंगावर पेशंट म्हणून झोपतो, त्याला आधी सांगून ठेवतात की तुझा अमुक स्नायू दुखतोय असं समज. विद्यार्थ्यानं तपासून नेमकी जागा शोधायची. बहुतेक वेळा पलंगावर माझा भाऊच. घाबरलेल्या पोराचं बोट खांद्यावर आंधळ्यासारखं भटकत असायचं. ते चुकीच्या जागी असेपर्यंत हा छताकडे बघत पडायचा. बरोबर जागेपाशी आलं की हळूच दातांतून श्वास ओढायचा, सुस्स करून. परीक्षकाला वाटायचं पेशंटला दुखलं. पोराला कळायचं, हीच जागा. पोरगं पास. असे किती कोट घालून बाहेर पडले देव जाणे, आणि उद्या तुमच्या-माझ्या कमरेवर हात ठेवणार ते हेच लोक. पासकाका हे नाव पडलं ते ह्यावरून. प्राध्यापकांना हे ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. त्यांनाही निकाल चांगला लागलेला हवा होता.

मी त्याला म्हणायची, "अरे, त्या पोरांना काहीच येत नाही. तू त्यांचं नुकसान करतोस, आणि लोकांचंही."

"रडवेली होतात गं ती," तो म्हणायचा. "त्यांचं तोंड बघवत नाही."

पुन्हा तोंडच.

खांदा गेला तो अशाच एका परीक्षेत. हे मला पुढे बऱ्याच काळानं कळलं. मागे नापास झालेला एक दांडगा मुलगा होता. तो घाबरून घामाघूम झालेला. ह्याचा उजवा हात पाठीमागे नेऊन वर उचलायचा होता, हळूहळू. त्यानं हिसका दिला. जुनी चादर पिळताना फाटते ना, तसं आत काहीतरी फाटल्याचं माझ्या भावाला नीट जाणवलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. परीक्षकानं विचारलं, "काय, त्रास होतोय का?" ह्यानं त्या मुलाकडे बघितलं. ओठ पांढरेफटक पडले होते म्हणे त्याचे. माझा भाऊ म्हणाला, "नाही सर, आरामात आहे." पोरगा पास झाला. जाताना पाया पडला. हा डाव्या हातानं आशीर्वाद देऊन मोकळा झाला, कारण उजवा वर येत नव्हता.

घरी कुणाला सांगितलं नाही. विभागात मात्र साहेबांच्या लक्षात आलं की हा पिशव्या डाव्या हातानं उचलतोय. आता तुम्हाला वाटेल, इतकी वर्षं ज्याचं अंग वापरलं त्याला ते तपासतील, एक्स-रेचा फोटो काढतील, योग्य त्या डॉक्टरकडे पाठवतील. छे! साहेबांचं तेव्हा संशोधन चाललं होतं. आखडलेल्या खांद्यासाठी त्यांनी व्यायामाची नवी पद्धत काढली होती. छताला कप्पी, कप्पीतून दोरी, दोरीला वजन, आणि दुखलं तरी थांबायचं नाही. दुखणं म्हणजे खांदा सुटत असल्याची खूण, असं ते सांगत. पेशंट यायचे, कळवळायचे आणि यायचे बंद व्हायचे. जे बंद झाले ते साहेबांच्या हिशेबी नियम न पाळणारे. त्यांना मोजायचंच नाही. उरलेल्यांना मात्र फार छान गुण यायचा! आमच्या घरी दूध नासलं की तेवढा चोथा फेकून, बाकीचं छान आहे, असं म्हणणारी एक आत्या होती. तिला संशोधनात पाठवायला हवं होतं.

तर पेशंट कमी पडायला लागले होते आणि हा समोरच होता. साहेबांनी त्याचा हात दोनदा वर-खाली केला आणि म्हणाले, "तुझाही आखडलाय. उद्यापासून ये अभ्यासात." फोटो नाही, काही नाही. ह्याला तर आनंद झाला. साहेबांनी बोलावलं!

मोजायचं काम एका मुलीकडे होतं. विभागात तिला मॅडम म्हणायचे. ती ह्याच कॉलेजात शिकलेली, आणि तिच्या परीक्षेतही माझ्या भावानं सुस्स केलेलं. आता ती साहेबांच्या हाताखाली पुढची पदवी करत होती आणि ती पदवी ह्याच अभ्यासावर टांगलेली होती. माझ्या भावाला मूलबाळ नाही. ह्या पोरीवर त्याचा जीव. तिच्यासाठी तो घरून डब्यात काहीबाही न्यायचा. तर ही मॅडम दर वेळी कोनमापकानं हात किती वर जातो ते मोजायची आणि विचारायची, "काका, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" आणि विचारताना तिच्या तोंडावर आशा दाटून आलेली असायची. मग काय, काका मागच्या वेळेपेक्षा एक कमी सांगायचे. पुढच्या वेळी आणखी एक कमी. हात वर जात नव्हता, तर कंबर वाकडी करून, खांदा कानापर्यंत चढवून वर न्यायचे. पेशंटनं असं अंग वाकवलं की पोरं परीक्षेत फसतात हे त्याला पाठ होतं. त्या मुलीलाही दिसत असणारच. पण कुणाला ते बघायचं होतं?

मला कळलं ते शर्टांवरून. माझ्या भावाचे शर्ट इस्त्रीला माझ्याकडेच येतात. मध्यंतरी सगळ्या शर्टांच्या उजव्या काखेत शिवण उसवलेली दिसायला लागली. अंगात घालताना कुणीतरी ओढाताण करतंय असं. मी भावजयीला बोलावून घेतलं. तिनं शर्ट हातात घेतला आणि उसवलेल्या शिवणीवर बोट ठेवलं.

"ताई, शर्ट मीच घालते त्यांना. केसही मीच विंचरते. घास तोंडापर्यंत न्यायला डाव्या हाताचा टेकू देतात. रात्री आडवं होता येत नाही, उशीला टेकून बसूनच असतात. विचारलं की म्हणतात, बरं होतंय, मॅडमनी मोजलंय."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"तुमच्या भावाचं तोंड तुम्हाला माहीत आहे ना," ती म्हणाली. "हसतात हो. हसणाऱ्या माणसाशी काय भांडायचं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान तसंच टाकून मी रस्ता ओलांडला.

नेमके त्या दिवशी पाहुणे आले होते. दुसऱ्या कुठल्या कुठल्या कॉलेजांतले कोटवाले. व्यायामाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. कप्पीला नवी दोरी, भिंतीला नवा रंग. घाम, मेण आणि मलम यांचा त्या हॉलला नेहमी एक कोंदट वास येतो. तो मारायला कुणीतरी गुलाबाचा फवारा उडवला होता. त्या दोन्हींचं मिळून भलतंच काहीतरी झालं होतं. मी दाराशी उभी राहिले.

साहेबांनी सांगितलं, हा आमचा सर्वांत चांगला पेशंट. माझा भाऊ पुढे आला, शर्ट न घालता. किती वाळला होता! उजव्या खांद्यामागे पूर्वी जिथे थोडं मांस होतं तिथे आता खळगा पडलेला, बोट बुडेल एवढा. एवढे शिकलेले लोक समोर बसले होते आणि तो खळगा लाँड्रीवालीला दिसला, ही काही माझी हुशारी नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे पडद्यावर आलेख होता, ते तिकडे बघत होते.

"करून दाखव," साहेब म्हणाले.

त्यानं हात उचलला. आधी कंबर गेली डावीकडे, मग खांदा कानाला टेकला, आणि मग त्या सगळ्या वाकडेपणावर चढून हात कसाबसा वर पोचला. कपाळावरून घाम नाकावर ओघळला. तो साहेबांच्या तोंडाकडे बघत हसत होता. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बंद करा!" मी ओरडले. "अहो, त्याला दुखतंय! घरी घास तोंडापर्यंत जात नाही त्याचा! बायको शर्ट घालते!"

सगळ्या माना वळल्या. साहेबांनी आधी पाहुण्यांकडे पाहून ओशाळं हसून घेतलं, मग माझ्याकडे वळले.

"अहो बाई, तुम्ही ह्यांच्या बहीण ना? घाबरू नका. दुखल्याचं नाटक करण्यात तुमचा भाऊ पटाईत आहे. आमच्या दरेक विद्यार्थ्याला माहितीये."

मी भावाकडे बघितलं. "सांग त्यांना. आत्ता सांग."

तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा साहेबांकडे. दोन तोंडं, दोन उत्तरं. मला वाटलं, हा आता इथे कोसळणार. पण मग त्याचा हात आपोआप खाली पडला आणि तो अगदी हळू म्हणाला, "दुखतंय साहेब. खरंच."

आणि लोक हसले! मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पासकाका, आज परीक्षा नाही!" त्यावर आणखी हसले. खरं सांगते, मी आयुष्यात गटारं तुंबलेली पाहिलीत, हॉस्पिटलच्या चादरींवर काय काय असतं ते हातानं धुतलंय, पण त्या हसण्याइतकं घाण मी काही पाहिलेलं नाही. मॅडम तेवढी हसली नाही. ती खाली मान घालून कोनमापकाशी चाळा करत होती. मी भावाचा डावा हात धरला, शर्ट त्याच्या खांद्यावर टाकला आणि त्याला तिथून ओढत बाहेर काढलं.

रस्त्यात तो म्हणतो कसा, "ताई, पाहुण्यांसमोर साहेबांचा पाणउतारा झाला गं."

त्या क्षणी मला त्याचीही किळस आली. आपल्या माणसाची किळस येणं फार वाईट. मी त्याला म्हटलं, "एक शब्द बोलू नकोस," आणि टॅक्सीत बसवून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे ह्याला पासकाका म्हणून कुणी ओळखत नव्हतं.

तिथली हाडांची डॉक्टरीणबाई रागीट दिसली. मला बरं वाटलं. तिनं त्याला स्टुलावर बसवलं, समोर खुर्ची ओढून बसली आणि खांदा तपासायला लागली. इथे दुखतं? हो. इथे? नाही. इथे? थोडं. हा भराभरा उत्तरं देत होता. थोड्या वेळानं ती थांबली.

"मी अजून बोट ठेवलंच नव्हतं. तुम्ही आधीच हो म्हणालात."

तो हसला, लाजून, तसाच. मला रडू आवरेना आणि रागही. मी म्हटलं, "डॉक्टर, तो खांद्याचं सांगत नाहीये, तुमच्या तोंडाकडे बघून सांगतोय. तुम्हाला काय हवंय ते बघून. हेच त्याचं काम आहे, इतकी वर्षं." आणि परीक्षा, कप्पी, मॅडम, टाळ्या, सगळं मी एका दमात ओकून टाकलं.

डॉक्टरीणबाईनं खुर्ची मागे सारली. उठली, त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, "तुम्हीही बाजूला व्हा. त्यांच्यासमोर कुणी नको." मी कपाटाआड सरकले. माझ्या भावासमोर आता नुसती भिंत होती, पिवळट, तिच्यावर काहीसुद्धा टांगलेलं नव्हतं. तिनं पाठीमागून बोट ठेवलं.

"इथे?"

तिचं तोंड कुठे दिसतंय ते तो शोधायला लागला. मान वळवायला गेला तर तिनं ती धरून पुन्हा भिंतीकडे केली. "मागे बघायचं नाही. घाई नाही. इथे कसं वाटतं?"

बराच वेळ गेला. तो भिंतीकडे बघत राहिला. परीक्षेत नापास होणाऱ्या पोरासारखा तोच आता घाबरला होता. आणि मग त्याचा चेहरा वाकडा झाला, अगदी लहानपणी कान फुटला तेव्हाच्यासारखा, आणि तो रडायला लागला.

"दुखतंय," तो म्हणाला. "आई गं. खूप दुखतंय. पहिल्यापासून दुखतंय."

एमआरआय काढला. खांद्याच्या स्नायूचं टोक हाडापासून तुटलं होतं आणि आत आक्रसून गेलं होतं. आखडलेला खांदा नव्हताच तो. डॉक्टरीणबाईनं आडपडदा ठेवला नाही. तुटलं तेव्हाच आला असतात तर, ती म्हणाली, टोक ओढून परत जागेवर शिवता आलं असतं, हात पहिल्यासारखा झाला असता. मधल्या काळात कप्पीवर ओढत राहिल्यानं फाटलेलं आणखी फाटलं. आता ऑपरेशन करू, पण हात खांद्याच्या वर जाईल असं मी वचन देणार नाही. मागून आलेली भावजय हे ऐकून रडायला लागली. तो मात्र डॉक्टरीणबाईला म्हणाला, "चालेल, चालेल," तिला वाईट वाटू नये म्हणून.

ऑपरेशन झाल्यावर एकदा मॅडम माझ्या दुकानात आली. हातात कोटाची पिशवी. इस्त्रीचं निमित्त.

"मावशी, काका कसे आहेत?"

"खांदा शिवलाय."

ती काउंटरवरच्या रेषेवरून नख फिरवत राहिली. "मी दर वेळी विचारलं होतं त्यांना. त्यांनीच कमी सांगितलं. मी तेच लिहिलं."

"खरंय," मी म्हटलं. "तू विचारलंस, त्यानं सांगितलं, तू लिहिलंस. कुणाचंच काही चुकलं नाही. मग आता तुमच्या त्या अभ्यासात काय लिहिणार? सर्वांत चांगल्या पेशंटचा खांदा फाटला म्हणून?"

तिनं पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "त्यांनी मध्येच सोडलं ना मावशी. सर म्हणाले, सोडून गेलेल्यांना मोजत नाहीत."

म्हणजे संपलं! दोरीवर त्यानं हात ओढवून घेतला, टाळ्या मिळवल्या, आणि आता तो तिथे कधी नव्हताच. आधी कळवळून पळून गेलेले ज्या खड्ड्यात गेले त्याच खड्ड्यात माझा भाऊही. आलेख मात्र छानच राहणार. मला वाटलं, थुंकावं. पण दुकान माझं होतं, फरशी मलाच पुसावी लागली असती. मी तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. "दुसरीकडे बघ," म्हटलं. त्या विभागाचा एकही कोट मी त्यानंतर धुतलेला नाही. धंद्याला फटका बसला, बसू दे. हातांचा वास गेला.

ऑपरेशननंतर व्यायाम करावाच लागतो. त्याशिवाय शिवलेला खांदा नुसता लाकडासारखा राहतो, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं. पुन्हा फिजिओथेरपी म्हटल्यावर मी धास्तावले. पण ही त्या दुसऱ्या हॉस्पिटलातली, आणि तिथली मुलगी कमी बोलणारी निघाली. मी दर वेळी सोबत जायची, कोपऱ्यात बसायची आणि डोळे वटारून पहारा करायची. सुरुवातीला त्याचं जुनंच चाललं होतं. ती विचारायची, हा तिच्याकडे बघून म्हणायचा, जमतंय, जमतंय. ती त्याच्या तोंडाऐवजी त्याच्या कमरेकडे बघायची. कंबर वाकडी झाली की हात हळूच खाली आणायची आणि काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मग एका सकाळी तिनं त्याचा हात कोपराखाली आधार देऊन हळूहळू वर नेला. खांद्याच्या रेषेत आला. खिडकीतून ऊन येत होतं, शेजारच्या पलंगावर कुणीतरी पाय उचलत होतं. ती म्हणाली, "अजून थोडा वर नेऊ? जमेल?"

माझ्या भावानं तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. जमेल, म्हणणारच होता, मला त्याच्या ओठांवर दिसत होतं. मग त्यानं मान वळवली आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीकडे बघतच म्हणाला,

"नाही."

"बरं," ती मुलगी म्हणाली. "मग आज इथपर्यंतच." तिनं हात खाली आणला, त्याच्याखाली उशी सरकवली आणि शेकाची पिशवी आणायला गेली.

तो तसाच बसून राहिला, कुणीतरी ओरडेल म्हणून वाट बघत. कुणी ओरडलं नाही. ती पिशवी घेऊन परत आली, खांद्यावर ठेवली, फार गरम नाही ना विचारून दुसऱ्या पलंगाकडे गेली. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. अर्धं आयुष्य उलटलेला माणूस, केस पांढरे, एक कान अधू, एक हात अधू, आणि डोळ्यांत नुसतं आश्चर्य.

"ताई," तो म्हणाला, "एवढंच असतं?"

"हो," मी म्हटलं. "एवढंच असतं रे." आणि त्याला शर्ट घालायला उठले.